जिल्हाधिकारी महोदय, डोंगरातल्या गावाची गणना वाडीवाडीने आणि फेरीफेरीने व्हावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे जिल्हा

विषय : वेल्हे (राजगड) तालुक्यातील गावांची लोकसंख्या आणि त्यांची प्रवासी वाहतूक यांचा एकत्रित विचार होण्याबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक आहे. माझा जन्म अठरागाव मावळातल्या एका लहान गावात झाला आणि गेली काही वर्षे मी मुलाकडे धनकवडीला राहतो. बसगाड्या चालवणे हे आपले काम नाही हे मला ठाऊक आहे, तरीही हे पत्र मी आपल्याच नावाने लिहितो आहे. जनगणनेच्या काळात आपण जिल्ह्याचे प्रधान जनगणना अधिकारी असता आणि एरवी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष असता. गावात माणसे किती आहेत याचा कागद आणि त्या माणसांनी कशाने जायचे-यायचे याचा कागद, हे दोन्ही आपल्याच मेजावर येतात, पण माझ्या आयुष्यात ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. ते तसे वाचले जावेत, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ भरली. २००१ मध्ये ती ७२ लाखांच्या वर होती, म्हणजे दहा वर्षांत तीस टक्क्यांची भर पडली. त्याच दहा वर्षांत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या मात्र वाढली नाही. ती थोडी घटून ५४ हजारांच्या घरात राहिली. एकाच जिल्ह्यात एकीकडे हवेलीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि दुसरीकडे तोरण्याच्या पायथ्याची घरे बंद होत गेली. या आकड्यांवरून सहसा असा अर्थ काढला जातो की, डोंगरातल्या माणसाला शहराची ओढ लागली, तो निघून गेला, आणि माणसेच नाहीत तर तिथे गाड्या कशाला सोडायच्या. हा अर्थ मला मान्य नाही, आणि मान्य नसण्याचे कारण मी घरोघर फिरून पाहिलेले आहे.

फेब्रुवारी २०११ मध्ये मी प्रगणक होतो. शिक्षकाला हे काम नवे नसते. माझ्याकडे आलेल्या गटात गावठाण आणि डोंगराच्या अंगावर विखुरलेल्या वाड्या होत्या, आणि वरच्या सड्यावर दोन धनगरवस्त्या होत्या. गावठाणातल्या कुलूप लावलेल्या घरांपुढे उभा राहून मी शेजाऱ्यांना विचारत असे आणि उत्तर बहुतेक वेळा एकच मिळत असे : ‘पोरांच्या शाळेसाठी खाली गेलीत.’ खाली म्हणजे नसरापूर, खाली म्हणजे कात्रज, धायरी, धनकवडी. जमीन विकून कोणी गेले नव्हते. भात लावायला, कापायला आणि चैत्रातल्या जत्रेला ही सगळी कुटुंबे परत येत होती आणि अजूनही येतात. गणनेच्या नियमाप्रमाणे मात्र जो जिथे नेहमी राहतो तिथेच त्याची नोंद व्हायची असते, म्हणून ती माणसे मी मोजली नाहीत. नियम योग्यच आहे. पण त्या नियमाने मोजलेला आकडा हाती घेऊन पुढे ‘या गावाला गाडीची गरज किती’ हे ठरवले जाते, तेव्हा त्या आकड्याकडून न पेलणारे काम आपण करून घेतो.

ही कुटुंबे केव्हा खाली उतरली, हे आमच्या गावात कोणालाही विचारले तर तो साल सांगत नाही, ‘मुक्कामाची गाडी बंद झाली तेव्हापासून’ असे सांगतो. शहरात वाढलेल्या वाचकांसाठी मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. संध्याकाळची शेवटची गाडी गावात यायची आणि तिथेच थांबायची. चालक आणि वाहक देवळात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचे, कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जायचे, आणि भल्या पहाटे, अंधार असतानाच, तीच गाडी खाली निघायची. दुधाचे कॅन टपावर चढायचे. मे महिन्यात करवंदा-जांभळांच्या पाट्या घेऊन बायका पुण्याच्या मंडईकडे निघायच्या. रात्री कोणी आजारी पडले तर पहाटेपर्यंत धीर धरता यायचा, कारण पहाटे गाडी आहे हे माहीत असायचे. आठवीच्या पुढची मुले तिनेच खालच्या हायस्कुलात जायची आणि संध्याकाळी तिनेच परत यायची. गाडीच्या येण्याजाण्यावर गावाचे घड्याळ लागत असे, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. माझ्या शाळेची प्रार्थना खरोखरच तिच्या परतीच्या फेरीवर ठरलेली होती.

ती गाडी बंद झाली. कोणामुळे झाली याचा पाढा मी इथे वाचणार नाही, कारण हे पत्र कोणा एका कार्यालयावर ठपका ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. रस्ता खराब होता, भारमान (गाडीतल्या एकूण जागांपैकी भरलेल्या जागांचे प्रमाण) कमी होते, चालकांची संख्या अपुरी होती. तीनही कारणे त्या त्या वेळी खरी असतील. बंद झाल्यावर काय झाले तेवढे मात्र नोंदवतो. पहाटेची गाडी गेली आणि सकाळी उशिराची एक फेरी उरली, जी शाळा भरल्यानंतर खाली पोहोचत असे. त्यामुळे पहिल्यांदा आठवी-नववीच्या मुली घरी बसल्या, किंवा मामाकडे, मावशीकडे ठेवल्या गेल्या. पुढच्या वर्षी ज्यांना परवडले त्यांनी खाली खोली घेतली आणि मुलांबरोबर आई गेली. आई गेल्यावर धाकटी भावंडेही गेली, म्हणजे माझ्या शाळेतला पट घटला. दूध घालणारी घरे कमी झाली, तसे संकलनाचे वाहनही वर येईनासे झाले. मग उरलेल्या एका फेरीतही माणसे कमी दिसू लागली, भारमान आणखी उतरले, आणि ती फेरी आधी शनिवार-रविवारची राहिली आणि नंतर पावसाळ्यात बंद पडली ती बंदच राहिली. गाव लहान झाले म्हणून गाडी गेली, असे कागद सांगतो. आमच्या गावात आधी गाडी गेली आणि मग गाव लहान झाले.

आता जनगणनेच्या कागदाकडे येतो. प्रत्येक जनगणनेनंतर जिल्ह्याची पुस्तिका निघते आणि तिच्यात गाववार सोयींचा तक्ता असतो : शाळा, दवाखाना, टपाल, बस, रेल्वे स्थानक. सोय गावात असेल तर तशी नोंद होते आणि नसेल तर ती किती दूर आहे हे तीन गटांत सांगितले जाते, ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटर, किंवा १० किलोमीटरच्या पुढे. रेल्वेचा रकाना आमच्यासाठी सोपा आहे, कारण आमच्या तालुक्यात रेल्वेच नाही. बसचा रकाना मात्र फसवा आहे. दिवसातून आठ वेळा गाडी येणारे गाव आणि आठवड्यातून दोनदा गाडी येणारे गाव या तक्त्यात सारखेच दिसते. गाडी सकाळी सहाला येते की अकराला, पावसाळ्यात येते की नाही, परतीची फेरी मिळते की नाही, यांपैकी काहीही त्यात येत नाही.

दुसरी अडचण अशी की, हा तक्ता महसुली गावाचा असतो आणि आमच्याकडे माणसे महसुली गावात राहत नाहीत, वाडीत राहतात. थांबा गावठाणाच्या फाट्यावर असतो. तिथून शेवटच्या वाडीपर्यंत ओढा ओलांडून, चढ चढून जायला धडधाकट माणसाला तास लागतो, आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईला त्याहून जास्त. कागदावर मात्र त्या वाडीतल्या म्हातारीच्या गावात ‘बस आहे’.

तिसरी गोष्ट प्रगणक म्हणून तेव्हाच माझ्या मनाला लागली होती. २०११ च्या अनुसूचीत, म्हणजे घरोघर भरायच्या प्रश्नपत्रकात, कामाच्या जागेचे अंतर किती आणि तिथे कशाने जाता, पायी, सायकलने, बसने की आणखी कशाने, असा प्रश्न होता. तो प्रश्न चांगला होता, पण तो फक्त इतर कामगारांना विचारायचा होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यातून वगळलेले होते आणि शाळेला जाणारी मुले तर नव्हतीच. ज्या तालुक्यातली बहुतेक माणसे भात आणि नाचणी पिकवतात, तिथे या प्रश्नाला उत्तर देणारे किती निघणार? बाजाराला जाणारी बाई, हायस्कुलात जाणारी मुलगी आणि दवाखान्यात जाणारा म्हातारा हेच आमच्याकडचे खरे प्रवासी, आणि त्यांचा प्रवास देशाच्या सर्वांत मोठ्या मोजणीत कुठेच उतरला नाही.

रस्त्यांचीही तीच कथा आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि तिने देशभर मोठे काम केले, हे मी आदराने मान्य करतो. तिचा निकष लोकसंख्येचा आहे : सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी राज्ये, अनुसूचित आदिवासी क्षेत्रे, वाळवंटी प्रदेश अशा ठिकाणी २५० लोकवस्ती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेच्या चौथ्या टप्प्यातही हेच आकडे असून ते २०११ च्या जनगणनेवरून घ्यायचे आहेत. महाराष्ट्र हे डोंगरी राज्यांत धरले जात नाही. त्यामुळे सह्याद्रीच्या ऐन धारेवर असलेली, पण अनुसूचित क्षेत्राबाहेरची आमची वाडी सपाटीच्या निकषाने तोलली जाते. आणि तोलायला आकडा कोणता, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, अर्धी घरे कुलूपबंद असताना, माझ्यासारख्या एखाद्या शिक्षकाने टिपलेला.

गाड्या रिकाम्या धावतात आणि डिझेलचाही खर्च निघत नाही, हा आक्षेप मला समजतो. तो मी हलका मानत नाही. सार्वजनिक वाहतुकीचा तोटा शेवटी सर्वांच्याच खिशातून भरला जातो. पण ज्या कायद्याखाली राज्य परिवहन महामंडळे चालतात, त्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कलम २२ म्हणते की महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावे. त्याच्या आधीचे कलम १८ सांगते की कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि योग्य समन्वय असलेली प्रवासी सेवा देणे हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य आहे. चर्चेत नेहमी कलम २२ येते, कलम १८ क्वचितच येते. शिवाय कलम ३४ अन्वये राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते. म्हणजे तोट्यातली पण आवश्यक फेरी कोणती हे सरकारने ठरवावे आणि तिचा भार सरकारने उचलावा, ही वाट कायद्यातच आहे. फक्त ती फेरी आवश्यक आहे हे दाखवणारा कागद कोणीतरी तयार करायला हवा, आणि तो कागद आज कोणाकडेच नाही.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, आता घरोघर दुचाकी आली. आली, हे खरे आहे. पण ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती असते, आणि तो सकाळी कामावर निघून गेला की घर पुन्हा पायीच. बाकीच्यांसाठी वडाप, म्हणजे विनापरवाना प्रवासी नेणारी खासगी जीप, आहे. जीप भरेपर्यंत ती हलत नाही, भरली की दाराला लोंबकळत जावे लागते, आणि आपली चौदा वर्षांची मुलगी तशा जीपमधून संध्याकाळी एकटी यावी असे कोणत्या आईबापाला वाटेल? सरकारने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत केला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे केले. ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. या तिन्ही सवलतींचे मला मनापासून कौतुक आहे. माझ्या मोठ्या बहिणीचे वय ७५ च्या पुढे आहे, सवलतीसाठी लागणारे आधार कार्ड तिने पिशवीत जपून ठेवले आहे, आणि वडापला ती पूर्ण भाडे देते, कारण सवलत ज्या गाडीत मिळते ती गाडी तिच्या वाडीच्या फाट्यावर येत नाही.

शाळांचा विषय मी शिक्षक म्हणून टाळू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळांचा, म्हणजे अशा अनेक लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचा, विचार पुढे आणला, आणि तेव्हा ज्या शाळांचे उदाहरण दिले गेले त्यांत आमच्याच तालुक्यातली पानशेतची शाळा होती. समूह शाळेबद्दल मतभेद आहेत. लहान मुलाची शाळा त्याच्या वाडीतच असावी असे माझे स्वतःचे मत आहे, आणि महाराष्ट्राच्या शिक्षण हक्काच्या नियमांतही पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. पण समर्थक आणि विरोधक या दोघांनाही एक गोष्ट कबूल करावी लागते : समूह शाळेचा सगळा डोलारा मुलांना आणणाऱ्या वाहनावर उभा असतो. ते वाहन एक आठवडा आले नाही, तर मुलांची शाळाच बुडते.

३० जुलै २०१४ ची सकाळ आपल्या जिल्ह्यातला कोणीही विसरलेला नसेल. आंबेगाव तालुक्यातले माळीण त्या दिवशी डोंगराखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला कळले ते नेहमीच्या फेरीवर त्या बाजूला गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या वाटेवर रोजचे गाव दिसेना, म्हणून त्याने खबर दिली. भारमानाच्या तक्त्यात त्या फेरीचे उत्पन्न किती लिहिले गेले असेल? मला हे लिहिताना आजही अस्वस्थ वाटते, कारण आमच्याही वाड्या तशाच उतारांवर आहेत, तिथेही जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि आमच्याकडे रोज सकाळी येऊन पाहून जाणारे कोणी उरलेले नाही.

आता मागणे सांगतो. नव्या जनगणनेत प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होऊन १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा तिचा संदर्भक्षण, म्हणजे लोकसंख्या ज्या क्षणाची धरायची तो क्षण, असणार आहे. जनगणनेची अनुसूची केंद्र सरकार ठरवते, तिच्यात जिल्ह्याला एक शब्दही वाढवता येत नाही, हे मी जाणतो. म्हणून माझे मागणे त्या अनुसूचीबद्दल नाही. ग्रामसभेने वाडीवार एक साधी प्रवास नोंदवही तयार करावी असा आदेश आपण तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्यामार्फत द्यावा. वाडीत आज राहणारी माणसे किती, शाळेसाठी खाली ठेवलेली मुले किती, हायस्कूल किती वाजता भरते आणि सुटते, आठवडे बाजार कोणत्या वारी, प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर, नियमित औषधासाठी जाणारे किती, वाडीपासून थांब्यापर्यंत पायी किती वेळ, आणि कोणत्या महिन्यांत ओढ्यामुळे वाट तुटते, एवढेच तिच्यात असावे. हे काम दोन ग्रामसभांत होईल. त्यासाठी कोणत्याही सल्लागार संस्थेची गरज नाही, गावातली शिकलेली पोरे ते आनंदाने करतील.

ही वही प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या बैठकीत जनगणनेच्या आकड्यांसोबत ठेवली जावी आणि तिच्यावरून प्रत्येक गावासाठी किमान सेवा ठरवावी, जिला लोकसंख्येची अट नसेल. शाळेच्या घंटेला जुळणारी सकाळची एक फेरी आणि संध्याकाळची एक, एवढी किमान. जिथे रात्री थांबण्याची सोय गाव करून देते तिथे ती मुक्कामी असावी. चालक-वाहकांसाठी स्वच्छ खोली, पाणी आणि शौचालय यांची जबाबदारी ग्रामपंचायतीने लेखी घ्यावी, कारण आमच्या पिढीने त्यांना वऱ्हांड्यात झोपवले ते काही भूषणावह नव्हते. घाटातल्या अरुंद रस्त्यांवर मोठी गाडी अडकते, तिथे लहान गाडी द्यावी. आणि जिथे कोणतीच गाडी जाऊ शकत नाही, तिथे वाडी ते फाटा एवढ्याच टप्प्यासाठी स्थानिक जीपचालकांना ठरलेले भाडे, ठरलेली वेळ आणि ठरलेली आसनसंख्या या अटींवर रीतसर परवाने देण्याचा विचार व्हावा. आज ते चोरून चालतात, आणि प्रवाशाला त्यामुळे अपघात विम्याचाही भरवसा नसतो.

एक मुदतही सुचवतो. नवी शाळा जूनमध्ये सुरू होते आणि खोली भाड्याने घ्यायची की नाही हा निर्णय घरोघर मे महिन्यात होतो. त्यामुळे फेरी सुरू करायची असेल तर तिचे वेळापत्रक एप्रिलअखेर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे, आणि ते वर्षभर बदलणार नाही असा शब्द त्यासोबत हवा. जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टमध्ये बंद पडणारी गाडी न सुरू झालेलीच बरी, कारण तिच्या भरवशावर जी मुलगी गावात राहिली तिचे वर्ष वाया जाते.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. आमच्या गावात पहिली गाडी आली तेव्हा मी दुसरीत होतो आणि तिला गावाने नारळ फोडून ओवाळले होते. त्या गाडीने मला हायस्कुलात नेले, तिनेच मी अध्यापक विद्यालयात गेलो आणि तिनेच शिक्षक होऊन परत आलो. माझ्या नातीच्या वयाच्या ज्या मुली आज त्या वाड्यांत आहेत, त्यांच्यासाठी मी हे मागतो आहे.

माझ्या गावाच्या सहा वाड्यांची अशी नोंदवही मी गेल्या दिवाळीत स्वतः फिरून तयार केली आहे. घरटी माहिती आहे, ओढ्यांच्या जागा हाताने काढलेल्या नकाशात दाखवल्या आहेत. गावाचे नाव या पत्रात मी दिलेले नाही, कारण शेजारच्या खोऱ्यातल्या गावांची गरजही तेवढीच आहे आणि हा अर्ज एका गावाचा समजला जाऊ नये. आपण वेळ द्यावा. त्या दिवशी वही घेऊन मी आपल्या कार्यालयात हजर राहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
धनकवडी, पुणे